खाडीचे तोंड

वणीच्या माणसाने आरमारावर लिहावे, हे कोळ्याने द्राक्षबागेवर लिहिण्यासारखे आहे. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही. दिसतो तो सप्तशृंगीचा गड. होडी म्हणाल तर ती आम्ही पावसाळ्यात पोरांना वहीच्या कागदाची करून देतो, आणि तीही अंगणातल्या ओहोळात दहा हात जाऊन आडवी होते. नाशिकच्या वाटेवर ओझरखेडचे धरण लागते. एसटीच्या खिडकीतून त्याचे पाणी पाहिले, की आम्हाला जलप्रवास घडल्यासारखे वाटते.

तरीही नद्यांशी आमचे नाते जवळचे आहे. कोजागरीला गडावर कावडी येतात. कुणी नर्मदेचे पाणी आणतो, कुणी तापीचे, कुणी गोदावरीचे. कोसच्या कोस अनवाणी चालत आलेली ती माणसे गडाच्या वाटेला लागली, की आई मला ओट्यावर उभे करून सांगायची, "बघ, नद्या चालल्या वर!" नद्या डोंगरावरून खाली येतात हे भूगोलाच्या पुस्तकात. आमच्या गावात वर्षातून एकदा त्या डोंगर चढतात.

ह्याच डोंगराची आणखी एक गंमत मला पुष्कळ उशिरा कळली. ह्या रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेला मिळतो, गिरणा तापीला आणि तापी पश्चिमेच्या समुद्राला. दक्षिणेला पडलेला पाऊस कादवेतून गोदावरीत जातो आणि थेट बंगालच्या उपसागराला पोचतो. एकाच ढगातून एकाच क्षणी सुटलेले दोन थेंब. मध्ये फक्त डोंगराची धार. एक निघाला सुरतेकडे, दुसरा राजमहेंद्रीकडे. पुन्हा भेट नाही. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना मौज वाटते. मलाही वाटत असे. यंदा वाटली नाही. त्याचे कारण घरगुती आहे. पण दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांपासून घरगुती गोष्टी काय लपवायच्या?

आम्ही दोघे भाऊ. थोरला अण्णा शेती पाहतो, मी कॉलेजात मराठी शिकवतो. वडील गेल्यावर साडेचार एकरांची वाटणी झाली. विहिरीकडचा भाग अण्णाकडे गेला आणि डांबरी रस्त्याकडचा माझ्याकडे आला. वाटणी करणाऱ्या पंचांनी क्षेत्र काटेकोर मोजले. पण एक गोष्ट त्यांच्या मोजपट्टीत बसली नाही. पाणी त्याच्याकडे राहिले आणि वाट माझ्याकडे. त्याची द्राक्षे माझ्या वावरातून गेल्याशिवाय रस्त्यावर पोचत नाहीत, आणि त्याच्या विहिरीतून पाणी आल्याशिवाय माझ्या वावरात काही उगवत नाही. ज्यांचे एकमेकांवाचून पाऊलही हलत नाही, त्यांचेच भांडण सर्वांत कडू होते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी विहिरीचे पाणी खाली गेले आणि अण्णाने मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले. मी त्याच आठवड्यात वाटेवर तारेचे कुंपण घातले. कुलूप आधी की कुंपण आधी, ह्यावर आम्हा दोघांची साक्ष वेगवेगळी आहे. दिवाणी दावा लागला. घर एकच, मध्ये भिंत. अलीकडे मी, पलीकडे तो. आई पंधरा दिवस इकडे आणि पंधरा दिवस तिकडे. सकाळी त्याच्या घरच्या भाकरीचा वास माझ्या स्वयंपाकघरात येई. आणि मी तो वास घेत वकिलाला फोन करीत असे.

गेल्या श्रावणात एक गृहस्थ घरी आले. रस्त्यालगतच्या जमिनी घेऊन त्यांचे प्लॉट पाडणे हा त्यांचा व्यवसाय. बोलणे मोठे गोड.

"सर, तुम्ही शिकलेली माणसं. तारखांना खेटे घालणं तुमचं काम नव्हे. वकील माझा, खर्च माझा. विहिरीतला तुमचा हिस्सा मिळवून द्यायचं माझ्याकडे लागलं."

"आणि तुम्हाला काय?" मी विचारले.

"काही नाही हो. रस्त्याला लागून दहा गुंठे आमच्या नावावर करा. बाकी शेत तुमचं तुम्हालाच राहतं."

त्यांनी करारनाम्याचा कच्चा मसुदा टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेले. मी तो टेबलाच्या खणात, बखर वाङ्मयाच्या टिपणांखाली ठेवून दिला. सौ. म्हणाली, "सही करण्याआधी सासूबाईंना एकदा विचारा." मी म्हणालो, "आईला कायद्यातलं काय कळतं?" बायकोला गप्प करायला आईचे अज्ञान आणि आईला गप्प करायला बायकोचे नाव, ही युक्ती पुरुषांना कुणी शिकवावी लागत नाही.

त्याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ऐतिहासिक गद्य शिकवत होतो. बोलता बोलता विषय आंगऱ्यांच्या आरमारावर गेला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, आपलं आरमार कुणी बुडवलं?"

"इंग्रजांनी," मी ठणकावून म्हणालो. "१७५६ मध्ये, विजयदुर्गाला."

"पण सर, तेव्हा किनाऱ्यावर पेशव्यांची फौज होती ना? ती कुणाच्या बाजूला होती?"

तास संपल्याची घंटा झाली. घंटेचे मास्तरांवर जे उपकार आहेत त्यांत आणखी एकाची भर पडली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

विजयदुर्ग मी पाहिलेला आहे. वडील असताना एका दिवाळीच्या सुट्टीत मी आणि अण्णा बरोबरच गेलो होतो. वाघोटन नदी सह्याद्रीवरून उतरते आणि विजयदुर्गाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. मुखापाशी किल्ला, आत लांबवर खाडी. एके काळी ह्याच पाण्यातून माल वर खारेपाटणपर्यंत जात असे. खाडीत थोडे आत आंगऱ्यांच्या वेळची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते उघडे पडले की डागडुजी करायची. मी तटावर उभा राहून शके आणि सन आठवत होतो. अण्णा मात्र शेतकऱ्याच्या डोळ्याने पाणी बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "प्रोफेसर, नदी कितीही लांबची असो, ज्याच्या हातात हे तोंड, त्याचीच सगळी नदी. आपल्या पाटाचंही तसंच असतं." मी हसलो होतो. इतिहासाच्या ठिकाणी ह्याला पाट आठवतो, असे मला वाटले होते.

घरी येऊन मी पुस्तके काढली. सरखेल कान्होजी आंगरे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत परक्यांनी हे आरमार मोडण्याचे थोडे प्रयत्न केले नव्हते. १७२० मध्ये मुंबईकर इंग्रज मुद्दाम बांधलेला तरता तोफखाना घेऊन विजयदुर्गावर आले आणि हात हलवीत परत गेले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले, तेही फसले. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले आणि त्यांनाही माघार घ्यावी लागली.

ह्यामागे काही जादू नव्हती. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी, पण त्यांना पाणी खोल लागे. आंगऱ्यांच्या गुराबा आणि गलबते उथळ पाण्यात चालत. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही आणि वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेत, कारण पिछाडीला तोफा कमी असत. अंगावर यावे तर ही तारवे खाडीत शिरत. तिथे किल्ल्याच्या तोफा आणि खालचा गाळ, दोन्ही त्यांचे रक्षण करीत. खाडी म्हणजे ह्या आरमाराचे माजघर. परक्याला अंगणापर्यंत येता येई, माजघरात नाही.

मग घरात वाटणी झाली. कान्होजींच्या मागून सेखोजी सरखेल झाले. ते १७३३ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात संभाजी आणि मानाजी ह्या भावांचे जुळेना. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मध्यस्थी करून दौलत वाटून दिली. विजयदुर्ग आणि सरखेली संभाजीकडे, कुलाबा आणि वजारतमाआब हा किताब मानाजीकडे. भांडण मिटावे म्हणून वाटणी झाली. पण एका आरमाराची दोन झाली ती कायमची. १७४० मध्ये संभाजीने मानाजीच्या कुलाब्याला वेढा घातला. मानाजीने मदतीला पेशव्यांना हाक मारली आणि त्याबरोबर मुंबईच्या इंग्रजांनाही. कान्होजींना ज्यांनी आयुष्यभर पाण्यात पाहिले, त्यांना कान्होजींच्या लेकाने भावाविरुद्ध बोलावले. ही ओळ मी दोनदा वाचली. मग खण उघडला, करारनामा तिथेच आहे ना हे पाहिले आणि खण बंद केला.

संभाजीनंतर तुळाजी सरखेल झाला. तुळाजी काही साधुपुरुष नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दर्यावर त्याचा दरारा मोठा होता. पण तो पेशव्यांना जुमानीत नव्हता आणि शेजारच्या मराठी सरदारांनाही त्याचा उपद्रव होता. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी होती असे म्हणता येणार नाही. घरच्या भांडणात बहुधा दोन्ही बाजूंची तक्रार खरीच असते. प्रश्न असतो तो तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचे हा.

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव ह्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून मराठी फौजेने यावे, समुद्रावरून इंग्रजांनी. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अॅडमिरल वॉटसन मुंबईहून विजयदुर्गाकडे निघाला. त्याच्याबरोबर फौजेचा सरदार होता रॉबर्ट क्लाइव्ह. विजयदुर्गावर चालून येण्याआधीच लुटीची वाटणी कशी करायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसात ठरवून टाकले होते. त्या वाटणीत मराठ्यांचा हिस्सा नव्हता.

तुळाजी किल्ला सोडून बोलणी करायला मराठी छावणीत गेला. अखेर आपल्या माणसांशी बोलावे असे त्यालाही वाटले असेल. पण फार उशिरा वाटले. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा काफिला नदीच्या मुखात शिरला आणि तोफा सुरू झाल्या. आंगऱ्यांची तारवे किल्ल्याच्या आश्रयाला, एकमेकांना खेटून नांगरलेली होती. आधीच्या साऱ्या हल्ल्यांत हीच जागा सुरक्षित ठरली होती. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंगऱ्यांनी पूर्वी कंपनीकडूनच काबीज केलेले. ते पेटले, त्याची आग शेजारच्या गुराबेला लागली, तिची पुढच्या गलबताला. दिवस मावळण्यापूर्वी कान्होजींच्या वेळेपासून उभे राहिलेले आरमार वाघोटनच्या मुखात जळून गेले. लढून बुडाले असते तर निदान पोवाड्याला विषय झाला असता. ते नांगरलेल्या जागी जळाले.

त्या रात्री क्लाइव्हने आपली फौज किनाऱ्यावर उतरवली आणि तळ दिला तो किल्ला आणि मराठी छावणी ह्यांच्या मधोमध. ज्यांच्या मदतीला आपण आलो आहोत त्यांना आत जाता येऊ नये, एवढीच त्यातली युक्ती. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला, तो ठरल्याप्रमाणे त्यांनी वाटून घेतला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. विजयदुर्ग पेशव्यांना द्यायला इंग्रजांनी आठ महिने लावले. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो मिळाला. पण त्याबदल्यात बाणकोट आणि त्याच्या लगतची दहा गावे इंग्रजांच्या पदरात कायमची पडली.

बाणकोट काही मोठा किल्ला नाही, दहा गावे म्हणजे काही मोठा मुलूख नाही. पण नकाशा काढून पाहा. बाणकोट सावित्री नदीच्या मुखावर आहे. महाडकडे जाणारी जलवाट तिथूनच आत शिरते. इंग्रजाने शेत मागितले नाही. त्याने शेताचे तोंड मागितले. रस्त्याला लागून दहा गुंठे. बाकी सगळे तुमचे तुम्हाला!

त्या रात्री मला झोप आली नाही. सौ.ला वाटले, पित्त झाले.

आगीतून सारेच संपले असे मात्र नाही. पेशव्यांनी विजयदुर्गाला पुन्हा आरमार उभारले आणि त्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज लढून पकडले. पण १७५६ नंतर कोकणच्या समुद्राचे वारे फिरले ते फिरलेच. आणि ज्यांना आपण आपल्या खाडीत वाट दाखवली ते तिथे थांबले नाहीत. 'केंट', 'टायगर' आणि 'सॅलिसबरी' ही विजयदुर्गावर आलेली वॉटसनची लढाऊ जहाजे १७५६ च्याच अखेरीस बंगालमध्ये हुगळी नदीत शिरली. २३ मार्च १७५७ रोजी त्यांनी नदीतूनच तोफा डागून फ्रेंचांचे चंद्रनगर घेतले. फ्रेंचांनी पात्रात जहाजे बुडवून वाट अडवायचा प्रयत्न केला होता, तो उपयोगी पडला नाही. तीन महिन्यांनी क्लाइव्हने प्लासी जिंकली. आमच्या डोंगरावरचा दक्षिणेकडचा थेंब गोदावरीतून ज्या उपसागराला पोचतो, त्याच उपसागराला हुगळी मिळते. तेव्हा हा इतिहास अगदीच परमुलखातला आहे असे मी म्हणू शकत नाही.

घरच्या भांडणात नदीवर लढाई व्हावी, ही काही आपलीच मिरास नव्हे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत उत्तर आणि दक्षिण ही दोन अंगे एकमेकांशी लढली, आणि त्या युद्धाचा मोठा भाग समुद्रापासून शेकडो मैल आत, नद्यांवर लढला गेला. जेम्स ईड्स नावाच्या इंजिनियरने उत्तरेसाठी सात लोखंडी कवचाच्या, सपाट तळाच्या तोफनौका बांधल्या. उथळ पाण्यात चालणारे तारू हवे, हे जे आंगऱ्यांना ठाऊक होते तेच त्यालाही उमजले होते. फेब्रुवारी १८६२ मध्ये असल्या नौकांनी टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री घेतला. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांतली 'कैरो' ही नौका याझू नदीत पाण्याखालच्या सुरुंगाने बुडाली. १९६४ मध्ये ती गाळातून वर काढली आणि आज ती विक्सबर्गला ठेवलेली आहे. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री अॅडमिरल पोर्टरचा काफिला विक्सबर्गच्या तोफांखालून मिसिसिपी नदीतून पार झाला, आणि ४ जुलैला ते शहर पडले. वेढ्यात तिथली कुटुंबे टेकड्यांत गुहा खोदून राहत होती. मिसिसिपी हाती आली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

ते युद्ध गुलामगिरीवरून पेटलेले होते आणि त्यात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मला त्यातली एकच गोष्ट टोचली. दक्षिणेला मोठी आशा होती, की आपल्या कापसाविना इंग्लंड-फ्रान्सच्या गिरण्या बंद पडतील आणि ती राज्ये आपली बाजू घेऊन युद्धात उतरतील. ती उतरली नाहीत. इंग्लंडने कापूस दुसरीकडून घेतला. त्यातला बराच मुंबई बंदरातून गेला, आणि त्या पैशाने मुंबईकरांना काही वर्षे वेड लागले, ते १८६५ मध्ये उतरले. म्हणजे त्या घरातही एका भावाने परक्याला हाक मारली होती. पण परका आला नाही. म्हणून रक्त किती का सांडेना, मिसिसिपीच्या मुखावर तिसऱ्याचे निशाण लागले नाही. आमच्या हाकेला परका आला. तो येतो तेव्हा फुकट येत नाही, एवढेच.

इथवर वाचून झाल्यावर मी शहाण्या माणसासारखा उठून अण्णाकडे गेलो असेन, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. पुस्तकातले कळणे आणि पायांना कळणे ह्यांत भिंत असते. आमच्या घरात तर ती विटांचीच आहे. श्रावण गेला, भाद्रपद गेला, नवरात्र आले. त्या गृहस्थांचे दोन फोन येऊन गेले. "सर, सही केव्हा?" "दसऱ्यानंतर बघू," मी म्हणालो. नाही म्हणायचे धैर्य नसले की माणूस मुहूर्त पुढे ढकलतो.

कोजागरीला आई आमच्याकडे होती. संध्याकाळी तिने ओट्यावर खुर्ची टाकायला लावली आणि कावडी बघत बसली. आता तिला नीट दिसत नाही; घुंगरांवरून कावड आली हे ती ओळखते. पलीकडच्या ओट्यावर अण्णा बसला होता. मध्ये भिंत, पण ओट्याच्या पुढे भिंत नाही, रस्ता दोघांना सारखाच दिसतो. एक म्हातारा कावडवाला थांबला, त्याने पाणी मागितले. खांद्यावर नदी घेऊन निघालेला माणूस तहानलेला असतो, ह्याची मला नेहमी गंमत वाटते. त्या पाण्याला तो तोंड लावणार नाही. मी तांब्या आणायला उठलो, त्याच वेळी अण्णाही उठला. दोन तांबे एकदम पुढे आले. म्हाताऱ्याने दोघांकडे पाहिले आणि म्हणाला, "घर एकच ना?"

आम्ही दोघेही काही बोललो नाही. आई म्हणाली, "एकच आहे बाबा. मधे नुसती भिंत आहे."

कावड पुढे गेली. मी तसाच अण्णाच्या ओट्यावर गेलो. दोन वर्षांनी गेलो. वहिनी दारातच थबकल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. अण्णा म्हणाला, "काय प्रोफेसर, आज इकडं कुठं?"

मी त्याला त्या गृहस्थांचे सांगितले. दहा गुंठ्यांचेही सांगितले. तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडंही आला होता तो. म्हणाला, भावाच्या वावरातून वाट मिळवून देतो, खर्च माझा. विहिरीलगतचे दहा गुंठे द्या."

आता गप्प बसायची पाळी माझी होती. एक रस्त्याचे तोंड मागत होता, एक पाण्याचे. आणि मागणारा एकच होता. आणखी दोन सह्यांचा अवकाश, की साडेचार एकरांचा नकाशा आमचा आणि दोन्ही तोंडे त्याची!

"तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"दिवाळीनंतर बघू म्हणालो."

आम्ही दोघे एकाच आईची मुले आहोत, ह्याचा आणखी पुरावा कोर्टात द्यायची गरज नव्हती.

चहा झाला. मी म्हणालो, "अण्णा, कुलूप काढ." तो म्हणाला, "आधी कुंपण काढ." मी म्हणालो, "उद्या काढतो." तो म्हणाला, "मग कुलूपही उद्या." रामाजी महादेवांच्या तहापेक्षा हा तह आखूड झाला, पण त्यात इंग्रज नव्हता. पाण्याच्या पाळ्या ठरल्या: चार दिवस त्याचे, चार दिवस माझे. विहीर उन्हाळ्यापूर्वी दोघांनी मिळून उपसायची. गाळ किती निघतो त्यावरून पुन्हा भांडण होणार हे मला आत्ताच दिसते आहे. दावा अजून निकाली निघालेला नाही. तो काढून घ्यायला पुढच्या तारखेला आम्ही दोघे एकाच एसटीने जाणार आहोत. वकिलांची फी दोघांनाही द्यायची आहेच. भांडण फुकट मिटत नाही, फक्त स्वस्तात मिटते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात त्या मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावून सांगितले, "तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर अर्धंच होतं. गोळा इंग्रजांचा होता. वाट आपण दाखवली."

तो म्हणाला, "म्हणजे सर, परीक्षेत काय लिहायचं?"

"दोन्ही लिही," मी म्हणालो. "सन मात्र चुकवू नकोस."

घरी आलो तर धाकटा मागच्या दारी पाटाशी बसलेला. पेटीचे कुलूप निघाले होते, मोटार चालू होती, पाटाला दोन वर्षांनी पाणी आले होते. त्याने माझ्या खणातून जाडसा, एका बाजूने कोरा कागद शोधून काढला होता आणि त्याची होडी केली होती. बाजूला छापील अक्षरांत 'लिहून देणार' एवढे दिसत होते. मी काही बोललो नाही. होडी दहा हात गेली आणि आडवी झाली. पाणी मात्र पुढे गेले.